चुकून

१४, चॅपल स्ट्रीट, थॉर्नक्लफ
३ मार्च २००८

अल्मा,

पत्ता नेली टॅटरसॉलकडून मिळाला. तुमची नाताळची कार्डं अजून जातात-येतात हे मला माहीत नव्हतं.

काम असं आहे. क्लेगमास्तर गावाच्या आठवणींचं पुस्तक काढताहेत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. तू गेल्यावर आले, तुला माहीत नसतील. साठ पानं, मध्ये फोटो. जूनमध्ये मिल पाडणार आहेत, त्याआधी पुस्तक यावं असं त्यांचं म्हणणं. मागांच्या खात्याचं प्रकरण माझ्याकडे दिलं आहे. त्या खात्यात काम केलेल्या आम्ही गावात चारच उरलो, आणि त्यांतल्या दोघींना आज कोणता वार ते सांगावं लागतं.

एक फोटो आहे, १९५८च्या उन्हाळ्यातला. खात्याच्या दारात चौदा जणी, डोक्याला रुमाल, कमरेला कात्री. तेरा नावं लागली. पुढच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण ते कळत नाही. ती हलली आहे. हसताना मान वळवली असावी. तुझी स्मरणशक्ती चांगली होती. फोटोची प्रत सोबत आहे.

दुसरं म्हणजे, कोपऱ्यावरचं टॉफीचं दुकान पिल्किंग्टनबाईचं की होल्टबाईचं, यावरून मास्तर आणि चर्चची घंटा वाजवणारा आर्थर एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. आठवत असेल तर कळव.

बिल नोव्हेंबरात गेला. नेलीने कळवलं असेल.

आपल्या घरासमोरची पायरी तशीच आहे, मधोमध खोलगट. आता कुणी पायऱ्या घासत नाही. चिंध्या घेऊन घासायचा दगड देणारा भंगारवाला गेल्याला चाळीस वर्षं झाली. आई म्हणायची, पायरी बघावी आणि घर ओळखावं. मी अजून शुक्रवारी घासते. समोरच्या नव्या बाई मला विचारत होत्या, 'काही सांडलं का?'

उत्तराचं पाकीट सोबत आहे. तिकीट मास्तरांच्या पैशाचं आहे, म्हणून वाया जाऊ नये एवढंच.

फ्रेडा


१९ मार्च

अल्मा,

तुझं कार्ड आलं. 'तिसरी मी. चष्मा बदल. दुकान होल्टबाईचं. पिल्किंग्टनबाई समोर, ती शिळा पाव विकायची.' सही नाही. अक्षर तेच, ज्याच्यासाठी शाळेत तुला बक्षीस मिळायचं आणि मला बोलणी.

मास्तरांना दुकानाचं सांगितलं. आर्थर जिंकला. मास्तर म्हणाले, 'डोंगरापलीकडच्या यॉर्कशायरहून आलेली साक्ष आपण लँकेशायरमध्ये धरतो का, हा प्रश्न आहे.'

चष्मा ठीक आहे. तिसरी तू आहेस हे मला माहीत होतं. काहीतरी विचारायला हवं होतं.

मास्तर मला रोज काहीतरी आठवायला सांगतात. आठवणं हे आता माझं काम झालं आहे. त्यांना भोंगा, लाकडी तळाचे बूट, दगडी रस्त्यावर त्यांचा आवाज, हे सगळं हवं असतं. ते मी देते. जे देत नाही ते वेगळं आहे. जो सॅगर, मिलच्या माणसांना उठवणारा, पहाटे लांब काठीने वरच्या खिडकीवर टकटक करायचा आणि आतून कुणाचा तरी हात दिसेपर्यंत हलायचा नाही. तू माझा हात पांघरुणातून ओढून काढायचीस आणि त्याला दाखवायचीस. स्वतःचा हात गरम राहावा म्हणून. चार वर्षं जो सॅगरला वाटत होतं की आपल्या घरात मी आधी उठते.

आणि मिलमधला पहिला दिवस. चारशे माग एकदम. मला वाटलं छप्पर पडतंय. तू आदल्या रविवारी मला स्वयंपाकघरात बसवून कानांत कापूस घातला होतास आणि ओठांनी बोलायला शिकवलं होतंस. मीमॉ. मास्तर हा शब्द चार वेळा लिहून घेऊनही वहीत वेगवेगळा लिहितात. तू शिकवलंस ते असं: ओठ मोठे हलव, घाई करू नकोस, शब्दांच्या शेपट्या टाकून दे. कुणी, काय करतं, बस्स. आई चहा गाळत होती, म्हणाली, 'दोघी मासळीबाजारातल्या माशांसारख्या दिसताय.' ते मात्र तिला ऐकू येत होतं आणि आपल्याला नाही, म्हणून तिने तीनदा सांगितलं.

आता एक विचारायचं आहे. मास्तरांना गावातली ती गंमत पुस्तकात हवी आहे. तू गेलीस तरी ती इथे राहिली. मी ती बाजारात, दातांच्या दवाखान्यात, एकदा तर ब्लॅकपूलच्या धक्क्यावर ऐकली आहे, सांगणाऱ्याला मी कोण ते माहीत नसताना. ती अशी सांगतात: एक मुलगी मागावरून बहिणीला ओठांनी म्हणाली, 'सोडतेय मिल.' बहिणीने वाचलं, 'सोडतेय बिल.' ओठांना 'म' काय आणि 'ब' काय, सारखेच. बिल म्हणजे त्या मुलीचा ठरलेला नवरा, खात्यातला माग दुरुस्त करणारा जॉबर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या खात्याला कळलं, बिललाही. तो रागाने ब्लॅकपूलला गेला आणि पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या बहिणीशीच लग्न करून बसला. मग सगळे हसतात. कुणीतरी म्हणतं, जॉबरच तो, आणि जॉबरांच्या खुळेपणाच्या गोष्टी सुरू होतात. तो छत्रीच्या दुकानात गेलेला जॉबर आठवतो? 'दोन द्या, एक जायला, एक यायला.'

बिलही हसायचा. तो ही गोष्ट चांगली सांगायचा.

मास्तर म्हणाले, 'होल्डनबाई, हे पुस्तकातलं मीठ आहे.' मी म्हटलं, बहिणीला विचारते. चूक झाली होती, ती कुणाकडूनही होते, आणि आता पन्नास वर्षं झाली. तुझी हरकत असेल तर सांग.

फ्रेडा


१४ एप्रिल

अल्मा,

हरकत आहे की नाही ते तू लिहिलं नाहीस. 'जो सॅगरचं मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे' एवढंच लिहिलंस. ते वाचून मी पुन्हा चहा केला.

शनिवारी मेथडिस्टांच्या हॉलमध्ये आठवणींचा कार्यक्रम झाला. साठ माणसं आली. काळे वाटाणे केले होते, व्हिनेगर घालून. मास्तरांनी पडद्यावर जुने फोटो दाखवले. चिप्सचं दुकान डावीकडे होतं की उजवीकडे यावर वीस मिनिटं गेली. शेवटी आर्थर म्हणाला, 'तुम्ही कोणत्या बाजूने दारू पिऊन येत होता त्यावर आहे.'

मग मास्तरांनी शाळेच्या मुलांसाठी मीमॉ करून दाखवायला सांगितलं. मी स्टेजच्या या टोकाला. नेलीला तिच्या चाकांच्या खुर्चीतून त्या टोकाला नेलं. ब्याण्णव वर्षांची आहे, लिपस्टिक लावून आली होती, म्हणाली, 'वाचायला बरं पडेल.' मास्तरांनी रेडिओ मोठ्याने लावला, मिलचा आवाज म्हणून. मिल तशी नव्हती, पण मुलांनी कान झाकले.

नेली आधी म्हणाली, 'तुझा परकर दिसतोय.' मी ते मोठ्याने सांगितलं. हॉल हसला. मी खाली बघितलं. खरंच दिसत होता.

मग ती आणखी काही म्हणाली. मास्तरांनी विचारलं, 'आता काय म्हणाल्या?'

मी म्हटलं, 'चहा कधी मिळणार, असं विचारतेय.'

पुन्हा हसले. चहा आला.

ती नक्की काय म्हणाली ते मला कळलं नाही. तिचे दात नवे आहेत, ओठ पूर्वीसारखे मिटत नाहीत. जाताना तिची खुर्ची माझ्याजवळून गेली तेव्हा तिने माझा हात धरला आणि माझा अंगठा चिमटीत घेऊन खाली दाबला. या वयात माणसं असं काहीतरी करतात.

पुस्तकाची छपाईपूर्व प्रत मेच्या अखेरीस येईल. मास्तरांनी ती गंमत आत घातली आहे. मला एकदा वाचून सही करायची आहे.

परकराची नाडी बदलली.

फ्रेडा


२ मे

अल्मा,

तुझं कार्ड. 'नेलीचे दात १९८१चे आहेत. काय म्हणाली?'

नेली म्हणाली, 'अंगठा दिसला होता तुला.'

आता सलग लिहिते. थांबले तर परत लिहिणार नाही.

तो शुक्रवार सुट्टीच्या आठवड्याआधीचा होता. बॅगा भरून दारांत ठेवलेल्या होत्या, संध्याकाळच्या भोंग्यानंतर अर्धं गाव ब्लॅकपूलच्या गाडीत बसणार होतं. तू तुझ्या चार मागांवर होतीस, मी वाटेच्या पलीकडे माझ्या चारांवर. तू धोटा तोंडाशी नेऊन दोरा ओढून घेतलास, वर बघितलंस आणि म्हणालीस, 'सोडतेय मिल. कुणाला बोलू नको.' आणि अंगठा खाली केलास.

ही खूण मी मास्तरांना सांगितलेली नाही. गावाच्या गोष्टीतही ती नाही. लोकांना वाटतं ओठ म्हणजेच सगळं. माणसाचं नाव असेल तर दोन बोटं कपाळाशी, टोपीच्या कडेसारखी. मिल असेल तर अंगठा खाली, जमिनीकडे. खात्यात बिल नावाचे सहा जण होते, खुणेशिवाय चाललंच नसतं. मला ती तूच शिकवलीस, त्याच रविवारी, कानात कापूस घालून.

मी अंगठा बघितला. मी चुकीचं वाचलं नाही. हॅलिफॅक्सच्या इस्पितळातून तुला नर्सिंगसाठी बोलावणं आलंय हेही मला माहीत होतं. पत्र गादीखाली होतं, आणि गादी दोघींची होती.

दहाच्या सुमाराला माझा तिसरा माग अडला. बिल आला. तो माग आपोआप अडला नव्हता. वर्षभर माझे माग आपोआप अडत नव्हते. तो वाकून काम करायचा, मी त्याच्या मानेकडे बघायचे. एवढंच होतं. त्याला काही माहीत नव्हतं. तो माझ्याशी बोलायचा तेव्हा तुझ्याबद्दलच बोलायचा.

तो उठून हात पुसत उभा राहिला. त्याची नजर माझ्या तोंडावर होती, खात्यात सगळ्यांची असायची. समोरच्या मागांवर नेली होती, तिथून तुझे मागही दिसायचे. मी नेलीला म्हणाले, 'आमची अल्मा सोडतेय मिल.'

शब्द खरे होते. फक्त हात मी मागावर ठेवले. दोन्ही.

नेलीने कानाशी तळवा धरला, पुन्हा सांग म्हणून. मी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, हात तिथेच. तिने माझ्या शेजारी उभ्या बिलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दोरा जोडायला वाकले.

माणूस स्वतःचं नाव कुठेही वाचतो. मला ते माहीत होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू विचारलंस, 'तू काय वाचलंस?' मी म्हटलं, 'बिल.' तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. आई म्हणाली, 'चुकली पोरगी. वाचताना होतं असं. तो परत आला की सांग त्याला समजावून.' तोवर बिल गाडीत बसला होता. तो आठव्या दिवशी आला आणि तू सातव्या दिवशी गेलीस, कारण इस्पितळ थांबणार नव्हतं. तू त्याला दोन पत्रं पाठवलीस. ती मी दडवली नाहीत, तेवढं माझ्यावर घालू नकोस. त्याने वाचली. म्हणाला, 'मिल म्हण नाहीतर बिल म्हण, गेली ना? आणि मला सगळ्यांच्या शेवटी कळलं.' ताठा होता. मी त्या ताठ्यावर हिशेब बांधला होता असं म्हणणार नाही. पण मला तो माहीत होता.

आम्ही वाईट राहिलो नाही. हे तुला ऐकायचं नसेल, तरी खोटं कशाला. तो बागेत वाटाणे लावायचा, रविवारी भांडी घासायचा, कबुतरं पाळायचा. तुझं नाव घरात निघालं नाही. आईच्या अंत्यविधीला तू डावीकडच्या बाकावर होतीस, आम्ही उजवीकडे, आणि तिघंही समोर बघत होतो.

ऑक्टोबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. नर्स म्हणाल्या, आता बोलता येणार नाही. आम्हाला काय त्याचं. आम्ही ओठांनी बोलायचो, वॉर्डातले लोक बघत राहायचे. एका दुपारी मी ठरवलं, सांगायचं. खुर्ची पुढे ओढली. त्याने डोळे मिटले होते. मी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. डोळे मिटलेल्या माणसाला ओठांनी सांगितलं. म्हणजे सांगितलंच नाही.

तुला सांगते आहे. कागदावर 'म' आणि 'ब' वेगळे दिसतात.

फ्रेडा


२८ मे

अल्मा,

कार्ड नाही. मी पोस्टमनला विचारणं बंद केलं आहे. तो परवा स्वतःच म्हणाला, 'आज पण नाही, बाई.'

छपाईची प्रत आली. पान एकतीस. तुझा फोटो वर, चौदाही नावं खाली. तिसरी, अल्मा वॉमस्ली. त्याखाली मास्तरांनी लिहिलं आहे: 'अल्मा म्हणाली "मिल", आणि तिच्या बहिणीने चुकून ते "बिल" म्हणून पोचवलं.' पुढे जॉबर, ब्लॅकपूल, लग्न. चांगलं लिहिलं आहे. हसू येतं.

मी पेन्सिल घेऊन एक शब्द खोडला आणि सही केली.

मास्तर संध्याकाळी प्रत घेऊन घरी आले. टोपी हातात.

'होल्डनबाई, "चुकून" का काढलं?'

'नको म्हणून.'

'पण त्यातच गंमत आहे.'

'हो.'

'ते काढलं तर वाचणारे काय समजतील?'

'वाचता येणारे समजतील.'

त्यांनी प्रत मिटली. मग म्हणाले, 'छापून झाल्यावर परत घालता येणार नाही.' मी म्हटलं, माहीत आहे. त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले, मग पायरीवरून परत आले आणि घेतला. साखर किती, एवढंच बोललो.

आठवडाभरात पुस्तक येईल. गावात लोक वाचतील. आर्थर नक्की वाचेल, तो कॅलेंडरसुद्धा मोठ्याने वाचतो.

मिल एकवीस जूनला पाडणार. शनिवार. सकाळी दहाला.

फ्रेडा


२३ जून

अल्मा,

हे सगळं तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. तरी लिहिते. आपल्या दोघींना आता धड ऐकू येत नाही आणि तू जे म्हणालीस ते मी ओठांवरून घेतलं. नीट वाचलं का, ते तपासून हवं आहे. चुकलं असेल तिथे कार्डावर दुरुस्त कर.

मी मिलच्या फाटकाच्या बाजूला होते, दोरीच्या अलीकडे, नेलीच्या खुर्चीशेजारी. यंत्रं दहाला सुरू झाली. उत्तरेकडची भिंत आधी गेली. आवाज खूप होता; पायांतून वर येत होता, अगदी पूर्वीसारखा. कान बंद पडलेल्यांनाही तो ओळखता येतो. माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. नेलीने माझ्या बाहीला हिसका दिला आणि रस्त्यापलीकडे हनुवटी केली.

तू डोंगरापलीकडच्या बसमधून उतरून पलीकडच्या दोरीशी उभी होतीस. करडा रेनकोट, बगलेत छत्री, दोन्ही हात खिशांत. मी तुला चालीवरून ओळखलं असतं, पण तू चालत नव्हतीस. तू मान वळवलीस, फोटोतल्यासारखी. मग ओळखलं.

तू ओठांनी म्हणालीस, 'बघायला आले...' आणि पुढचा शब्द. ओठ मिटले, उघडले. मिल. किंवा बिल. आमच्या मागच्या टेकडीवर चर्चचं आवार आहे, बिलची कबर रस्त्यापलीकडून दिसते. दोन्ही बघण्यासारखं होतं. आणि तुझे हात खिशांत होते.

मी कानाशी तळवा धरला. पन्नास वर्षं उशिरा.

तू उजवा हात बाहेर काढलास. मला वाटलं, आता कपाळाशी जाईल किंवा खाली. तू अंगठा खांद्यावरून मागे केलास, चहाच्या दुकानाकडे.

नेली म्हणाली, 'जा. मला इथून सगळं दिसतंय.'

दुकानात आपण खिडकीशी बसलो. तू पार्किन, आल्याचा केक, मागवलास आणि अर्धा माझ्या बशीत ठेवलास, मोठा तुकडा स्वतःकडे. आपण आवाज काढला नाही. वाढणाऱ्या मुलीला वाटलं आपलं भांडण झालंय, ती दोनदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

तू म्हणालीस, 'अंगठ्याचं मला ठाऊक होतं.'

मी तळवा धरला. तू पुन्हा म्हणालीस, हळू. 'नेली पहिल्याच रविवारी हॅलिफॅक्सला आली. बसने, नवी टोपी घालून. सगळं सांगून गेली.'

'मग तू बोलली का नाहीस?'

'बोलायला हवं होतं ते तू.'

मी चहा ढवळत राहिले. साखर घातलेली नव्हती. तू म्हणालीस, 'लग्नाचा राग दोन वर्षांत गेला. माझा हेरल्ड जास्त देखणा होता.'

'बिलपेक्षा कुणीही देखणं होतं.'

'ते खरं.' मग म्हणालीस, 'मी दर नाताळला नेलीला विचारायचे, बोलली का? ती लिहायची, नाही अजून. एवढी कार्डं, फ्रेडा. तिकिटांचा खर्च बघ.'

हे मी बरोबर वाचलं ना? 'कार्डं' की 'वर्षं'? मला 'कार्डं' दिसलं.

मग तू पिशवीतून चष्मा काढलास आणि पुस्तक मागितलंस. पान एकतीस तूच काढलंस. बोट ओळीवर ठेवून वाचलंस, मी शिकत असताना ठेवायचीस तसं. 'तिच्या बहिणीने' पाशी बोट थांबलं, पुढे सरकलं. छापताना ओळ पुन्हा जुळवली आहे, मध्ये जागा सुटलेली नाही. बघणाऱ्याला काही दिसणार नाही.

तू म्हणालीस, 'आता वाचायला बरं पडतं.'

बाहेर उरलेली भिंत पडली तेव्हा टेबलावरचे चमचे वाजले. तू तुझा हात चमच्यांवर ठेवलास, मी माझा बशीवर. बाकी लोक खिडकीकडे धावले. आपण बसलो.

नेली मग सांगत होती की भिंत दोन तुकड्यांत पडली. आर्थर म्हणतो तीन. मास्तर दोघांना पुढच्या पुस्तकात घेणार आहेत.

तू चारची बस पकडलीस. मी थांब्यावर उभी राहिले. तू काचेतून काहीतरी म्हणालीस, पण काचेवर आभाळ दिसत होतं.

घरी आल्यावर दुकानातली ती मुलगी दारात आली. तुझी छत्री खुर्चीला राहिली होती. करडी, लाकडी मूठ, एक काडी वाकलेली. मी ती दाराशी टांगली आहे. ती पोस्टाने पाठवायची चौकशी केली नाही आणि करणारही नाही.

जॉबर दोन छत्र्या मागायचा ते आठवतं ना. एक जायला, एक यायला. ही यायची आहे.

आलीस की मी विचारीन, दोरीपलीकडून तू कोणता शब्द म्हणालीस. हात खिशाबाहेर ठेव.

फ्रेडा